ओळखपत्रापलीकडची कविता

२००८ साली एप्रिल ते ऑगस्ट या काळात जगाच्या कवितेने तीन मोठे कवी गमावले. १७ एप्रिलला मार्टिनिकचे एमे सेझेर, ९ ऑगस्टला पॅलेस्टाईनचे महमूद दरवेश आणि २५ ऑगस्टला पाकिस्तानचे अहमद फराज.

तिघेही सत्तेला नकार देणारे. वसाहतवादाची भलामण करणाऱ्या फ्रेंच कायद्याच्या निषेधार्थ सेझेर यांनी २००५ मध्ये सार्कोझींना भेट नाकारली. फराज यांना लष्करी राजवटीवरील टीकेपायी अटक झाली, काही वर्षे परदेशी काढावी लागली. २००४ चा 'हिलाल-ए-इम्तियाज' त्यांनी २००६ मध्ये परत केला. आपल्याकडे मात्र फराज म्हणजे मेहदी हसन यांनी गायिलेली 'रंजिश ही सही', एवढेच.

दरवेश यांच्या बाबतीत उलटे घडले. १९४८ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी त्यांचे अल-बिरवा हे गाव हरवले. पुढे १९६४ ची 'ओळखपत्र' ही कविता त्यांना कायमची चिकटली. श्रोते तीच मागत आणि त्यांना तो आग्रह जाचे. १९९८ च्या हृदयशस्त्रक्रियेनंतर त्यांनी 'जिदारिया' लिहिली. ही दीर्घ कविता थेट मृत्यूशीच बोलते. तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेले नाही.

मुस्लिम मराठी कवीकडूनही असेच ओळखपत्र मागितले जाते. दंगल, तलाक, बुरखा यांवर लिहिले की समीक्षक दखल घेतात. प्रेमावर, मरणावर लिहिले की गप्प बसतात. आणि खरे सांगायचे तर आपल्या संमेलनांतही टाळी ओळखपत्रालाच पडते.