तळ्यातले पिल्लू आणि रानातली गाय

माझ्या संग्रहातल्या कॅसेटींमध्ये पशुपक्ष्यांच्या गाण्यांचा एक खण निराळा ठेवला आहे. त्यांतली बरीचशी गाणी बालगीते म्हणून ओळखली जातात. पण मुलांच्या मनात ती काय पेरतात, हा प्रश्न आपण पालक-शिक्षक सहसा विचारीत नाही.

'नाच रे मोरा' हे 'देवबाप्पा' (१९५३) मधले गाणे घ्या. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, स्वर आशा भोसले यांचा. चाल पु. ल. देशपांडे यांची, ज्यांनी काही काळ आपल्या बेळगावात अध्यापन केले. या गाण्यात बोध नावाला नाही. पाऊस आहे, मोर आहे आणि त्याला खेळायला बोलावणारे मूल आहे. मोर मोरच राहतो. ज्ञानदेवांच्या 'पैल तो गे काऊ' या विराणीतला कावळाही तसाच. हृदयनाथांच्या चालीत लताबाई ती गातात, तेव्हा एरवी पिंडाशी आठवणारा हा पक्षी पंढरीरायाच्या येण्याचा शकुन सांगणारा पाहुणा होतो. पण त्याचे कावळेपण सुटत नाही.

आता बोधाची गाणी. गदिमांचेच 'एका तळ्यात होती' घराघरांत पाठ आहे. मूळ कथा डेन्मार्कच्या अँडरसनची, १८४३ सालची. मूळ कथेतले पिल्लू घर सोडते, हिवाळ्यात तळ्याच्या बर्फात गोठते, मरता मरता वाचते. गाण्यात हा हिवाळा नाही. भावंडे टोचतात, पिल्लू रडते आणि एके दिवशी पाण्यातल्या प्रतिबिंबात त्याला आपण राजहंस असल्याचे कळते. रचना नितळ आहे, गोड आहे. ती मलाही आवडते. तरी इतकी वर्षे वर्गात काढल्यावर एक शंका सोडवत नाही. ज्या मुलाला पाण्यात बदकच दिसते, त्याने काय करायचे? पिल्लाची सुटका होते ती त्याचे कूळ वेगळे निघाले म्हणून. टोचणाऱ्या भावंडांना मात्र गाणे एका शब्दानेही जाब विचारीत नाही.

या शंकेचे उत्तर मला मिळाले ते कन्नड गाण्यात. कर्नाटकातल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाणारे 'गोविन हाडु' आपल्या भागातल्या मराठी घरांतही मुलांच्या तोंडून ऐकू येते. पुण्यकोटी गाय वाघाच्या तावडीत सापडते. वासराला शेवटचे पाजून परत येते, असा शब्द ती देते आणि खरोखरच परतते. पण माझे मन अडते ते मधल्या प्रसंगाशी. निघताना ती कळपातल्या इतर गायींना विनवते की, या पोरक्याला पुढे आला म्हणून शिंग मारू नका, मागे राहिला म्हणून लाथ मारू नका, आपलेच लेकरू समजा. तळ्यातल्या भावंडांना जे कुणी सांगितले नाही, तेच इथे एक आई सांगते. इथे कुणाचे कूळ उघड होत नाही. गाय गायच राहते, वाघ वाघच. बदलते ते वागणे.

या गाण्यातही एक गोष्ट मला खटकते. शरमलेला वाघ शेवटी जीव देतो. चूक कळल्यावर जगून दाखवणे अधिक अवघड, आणि मुलांना तेच शिकवायला हवे. तरीही दोहोंत निवड करायची झाली, तर मी गायीचे गाणे निवडीन.

मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाने असे म्हणावे, हे काहींना रुचणार नाही. सीमाभागात भाषेसाठी आपण पुष्कळ सोसले आहे आणि मराठीचा आग्रह मी सोडलेला नाही. पण शेजारच्या भाषेतले चांगले गाणे घरी आल्याने आपले गाणे उणे होत नाही. मुलांना दोन्ही म्हणू द्यावीत. फक्त 'एका तळ्यात' संपल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा : ते पिल्लू बदकच निघाले असते, तर तुम्ही त्याला खेळायला घेतले असते का?