हौशी रेडिओतील शक्तिप्रवर्धक आणि प्रेषण-ग्रहणाचा क्रम : हीथकिट एसबी-२२०च्या निमित्ताने

प्रस्तावना :

इलेक्ट्रॉनिक्सच्या पाठ्यपुस्तकांतून प्रवर्धकाचा परिचय सामान्यतः लाभांक, कार्यक्षमता आणि विरूपण या मापांनी करून दिला जातो. ही सर्व मापे प्रवर्धक स्थिर अवस्थेत चालू असतानाची होत. हौशी रेडिओ केंद्रातील शक्तिप्रवर्धक मात्र सतत ग्रहणातून प्रेषणात आणि प्रेषणातून ग्रहणात ये-जा करीत असतो. या स्थित्यंतराला काही मिलिसेकंद लागतात आणि प्रवर्धकाची खरी कसोटी तेवढ्यातच लागते. सदर लेखात हीथकिट या अमेरिकन कंपनीच्या एसबी-२२० या प्रवर्धकाच्या आधारे या स्थित्यंतराची चिकित्सा करावयाची आहे.

रचनेचे स्वरूप :

एसबी-२२० हा १९७०च्या दशकात सुट्या भागांच्या संचरूपाने विकला गेलेला आणि अद्यापही अनेक केंद्रांत वापरात असलेला प्रवर्धक होय. त्यात ३-५००झेड जातीच्या दोन निर्वात नलिका ग्राउंडेड-ग्रिड पद्धतीने जोडलेल्या असतात. ८० ते १० मीटर या पट्ट्यांवर तो चालतो. ट्रान्सीव्हरकडून येणारी रेडिओशक्ती नलिकांकडे वळविणे, नलिकांचे प्रदान अँटेनाला जोडणे आणि ग्रहणकाळी नलिका बंद ठेवणारा बायस बदलणे ही तिन्ही कामे एकच रिले करतो. खर्च आणि सुलभता या दृष्टींनी ही योजना निर्दोष वाटते. परंतु तिच्यात तीन कामांचा क्रम कोठेही निश्चित केलेला नाही. कोणता कॉन्टॅक्ट आधी मिटेल, हे पट्ट्यांच्या वाकावर आणि झिजेवर अवलंबून राहते.

क्रमाचे महत्त्व :

योग्य क्रम असा : प्रथम अँटेना जोडली जावी, नंतर बायस यावा आणि सर्वांत शेवटी ट्रान्सीव्हरने शक्ती द्यावी. परतीच्या वेळी हाच क्रम उलटा व्हावा. हा क्रम मोडून अँटेना जोडली जाण्यापूर्वीच शक्ती आली, तर नलिकांना भार राहत नाही. अशा वेळी ग्रिडप्रवाह वाढतो, प्रदान-मंडलातील व्होल्टता चढते आणि ठिणग्यांनी बँडस्विच जळू शकतो. रिलेचे कॉन्टॅक्टही शक्ती वाहत असताना हलल्याने खराब होतात.

हे नुकसान मालकापुरते मर्यादित राहत नाही. प्रत्येक अक्षरागणिक उमटणाऱ्या तीक्ष्ण कडांमुळे लगतच्या वारंवारतांवर खटखट ऐकू येते. सामायिक तरंगपट्ट्याचा विचार करता हा प्रश्न इतरांच्या हक्काचाही ठरतो.

मोर्स संदेशात ही अडचण मोजून दाखविता येते. ‘पॅरिस’ या प्रमाण शब्दानुसार मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाने एक टिंब ४० मिलिसेकंदांचे असते. रिले मिटण्यास १५ मिलिसेकंद लागले आणि ट्रान्सीव्हर थांबला नाही, तर पहिल्या टिंबाचा एकतृतीयांशाहून अधिक भाग कापला जातो. ‘चालकाने थोडे थांबून बोलावे’ हा प्रचलित सल्ला ध्वनिसंभाषणात कसाबसा चालेल. अक्षरांच्या मधल्या जागेतही ग्रहण करणाऱ्या पद्धतीत तो निरर्थक ठरतो.

काळाचा बदल :

येथे मूळ रचनाकारांवर सरसकट दोषारोप करणे अन्यायाचे होईल. एसबी-२२०च्या रिले-नियंत्रण वाहिनीवर शंभराहून अधिक व्होल्ट असतात. तत्कालीन ट्रान्सीव्हर आपल्याच धातूच्या रिलेने ती वाहिनी जमिनीशी जोडीत असत, त्यामुळे ही व्होल्टता त्यांना बाधत नसे. पुढे आलेल्या अनेक संचांत हे काम लहान रिलेकडे किंवा ट्रान्झिस्टरकडे गेले. त्यांना ही व्होल्टता सोसत नाही. म्हणून मध्ये कमी व्होल्टतेचे नियंत्रण-मंडल बसवावे लागते. प्रवर्धक तोच राहिला. त्याचा सोबती बदलला.

उपायांची चिकित्सा :

यावर दोन प्रकारचे उपाय प्रचलित आहेत. पहिला उपाय विलंबाचा. अनेक आधुनिक ट्रान्सीव्हरांत प्रेषण-विलंब मिलिसेकंदांत ठरविता येतो. एआरआरएल हँडबुकात प्रसिद्ध झालेले क्रमनियंत्रक मंडलही याच जातीचे. अशा मंडलात एक संधारित्र हळूहळू भारित होतो आणि त्याची व्होल्टता चढत्या पायऱ्या ओलांडील तसतसा एकेक घटक चालू होतो. संधारित्र रिता होताना हाच क्रम आपोआप उलटतो. ही कल्पना सुंदर आहे, यात शंका नाही. तथापि तिला केवळ काळ कळतो. रिलेच्या वेटोळ्याची तार तुटली, तरी ठरलेल्या क्षणी शक्ती सोडली जातेच.

परतीच्या टप्प्याकडेही पुरेसे लक्ष दिले जात नाही. वेटोळ्यावर संरक्षणासाठी बसविलेला साधा डायोड रिले सुटण्याचा काळ लांबवितो. संरक्षणाचा उपाय अशा रीतीने क्रमाचा हिशेब बिघडवू शकतो. अतिउच्च वारंवारतेच्या केंद्रांत खांबावर संवेदनशील पूर्वप्रवर्धक असल्यास जोखीम अधिक वाढते. १ किलोवॉट शक्ती आणि रिलेचे विलगीकरण ४० डेसिबेल असे धरले, तरी १०० मिलिवॉट पलीकडे झिरपतात.

दुसरा उपाय पोचपावतीचा. रिलेच्या जादा कॉन्टॅक्टवरून ‘काम झाले’ असा संकेत परत येईपर्यंत ट्रान्सीव्हरला रोखून धरावयाचे. एलिक्राफ्ट के३सारख्या संचांत प्रेषण-रोधाची वाहिनी उपलब्ध असल्याने हे शक्य होते. या उपायालाही मर्यादा आहे. जादा कॉन्टॅक्ट मिटला, म्हणजे मुख्य कॉन्टॅक्ट जळलेला नाही असे सिद्ध होत नाही. म्हणून ग्रिडप्रवाह वाढताच प्रवर्धक बंद करणारे संरक्षण सोबत असणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :

विलंब हा अनुमानावर आधारलेला, तर पोचपावती हा प्रत्यक्ष अवस्थेवर आधारलेला उपाय होय. अनुमान स्वस्त असते आणि पुष्कळदा पुरतेही. परंतु बिघाडाच्या क्षणी, म्हणजे जेव्हा संरक्षणाची खरी गरज असते तेव्हाच, ते निकामी ठरते. म्हणून प्रवर्धकाचे मूल्यमापन किती वॉट या एकाच प्रश्नावर थांबू नये. रिलेला मिटण्यास आणि सुटण्यास किती वेळ लागतो, आणि त्याची खात्री कोण करून घेतो, हे प्रश्नही तितक्याच आग्रहाने विचारले जावेत. प्रयोगशाळेत प्रवर्धकाचा लाभांक मोजणाऱ्या विद्यार्थ्याकडून रिलेचे हे दोन काळ ऑसिलोस्कोपवर मोजवून घेणे अवघड नाही. त्यासाठी नव्या उपकरणांची नव्हे, दृष्टी बदलण्याची आवश्यकता आहे.