आंबट द्राक्षे कोणाच्या मते? : तंजावरची इसापकथा आणि इंग्रजी उताऱ्याचे आकलन

दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकीर्दीत (१७९८–१८३२), एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, तंजावर येथे ‘बालबोध मुक्तावलि’ हा इसापकथांचा मराठी अनुवाद छापला गेला. अनुवादक होते सख्खण पंडित. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ मुंबईत त्यानंतर, १८२८ मध्ये आली. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली शिकलेल्या, इंग्रजी जाणणाऱ्या राजाने या कथा मराठीत आणविल्या, हे लक्षणीय आहे. कथेचे तात्पर्य कळण्यास इंग्रजी येण्याची अट त्यामुळे उरली नाही.

इंग्रजीच्या परीक्षेत ही अट अर्थातच असते, आणि ती गैर नव्हे. विचार करावयाचा तो आकलनाच्या नावाखाली नेमके काय तपासले जाते याचा. कोल्हा आणि द्राक्षे ही सुपरिचित कथा उतारा म्हणून घेतली, तर ‘आंबट’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा विरुद्धार्थी शब्द विचारता येतो. त्याचे अचूक उत्तर देणारा विद्यार्थी ‘द्राक्षे कशी होती?’ या प्रश्नाला ‘आंबट’ असे लिहील. शब्द उताऱ्यातलाच, तरी कथा हुकलेली. द्राक्षे आंबट असल्याचे कथा सांगत नाही. ते हताश कोल्ह्याचे म्हणणे आहे.

याच ठिकाणी व्याकरण उपयोगी पडते. ‘द्राक्षे आंबट आहेत, असे कोल्हा म्हणाला’ या मराठी वाक्यात मूळ उक्तीचा वर्तमानकाळ टिकतो. ‘की’ची रचना केली तरी टिकतो. तमिळमध्येही उक्तीनंतर ‘एन्रु’ येते व उक्ती अबाधित राहते. इंग्रजी अप्रत्यक्ष कथनात मात्र वर्तमानकाळाचा सहसा भूतकाळ होतो. घरी मराठी व बाहेर तमिळ बोलणाऱ्या तंजावरच्या मुलाला हे रूपांतर केवळ नियम म्हणून शिकविले, तर मत कोल्ह्याचे आणि कथन निवेदकाचे, हा भेद काळाच्या बदलात बुजण्याचा संभव राहतो.

म्हणून व्याकरण आणि शब्दसंग्रह यांना आकलनातून वगळणे हा उपाय नव्हे. वाक्य बदलून लिहा, या आज्ञेला ‘हे कोण म्हणते, आणि का?’ या प्रश्नाची जोड हवी. ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण वापरणारा मराठी भाषक हा भेद जाणतोच. परीक्षेने त्याला तो इंग्रजीत ओळखण्याची संधी द्यावयास हवी.