खेळाडूंचा बाजार आणि बातमीची भाषा

क्रिकेटचा हंगाम सामने संपतांच संपतो अशी आमची जुनी समजूत होती. ती आतां सोडून द्यावी लागत आहे. इंडियन प्रीमियर लीगचे सामने उन्हाळ्यांत आटोपतात हें खरें. परंतु त्या खेळाचा दुसरा एक हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, व तो मैदानावर न होतां वर्तमानपत्रांच्या स्तंभांतून आणि फोनच्या पडद्यावर खेळला जातो. कोणता खेळाडू कोणत्या संघांत जाणार, कोणास निरोप मिळणार, कोणाच्या बदल्यांत कोण येणार, लिलावांत कोणावर किती बोली लागणार, या विषयावरील गद्य आज मराठी घरांतून जितकें वाचलें जातें, तितकें आमच्या नामांकित कादंबरीकारांचेंहि वाचलें जात नसेल. जें गद्य इतक्या आवडीनें वाचलें जातें, त्याकडे टीकाकारानें पाठ फिरवावी हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. त्यांत गुण आहेत कीं दोष, आणि तें वाचणाऱ्याचें मन घडवितें कीं बिघडवितें, हें पाहणें वाङ्मयाच्या मासिकाचेंच काम आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वेधलें तें एका लहानशा प्रसंगामुळें. हार्बर मार्गावर मानखुर्द स्थानक सोडलें म्हणजे थोड्याच वेळांत गाडी खाडीच्या पुलावर येते व वाशीकडे जाते. २०२३ सालच्या नोव्हेंबरच्या अखेरीस त्या गाडींत दोन तरुण कामावर निघाले होते. “घेतला रे आपण हार्दिकला!” एक म्हणाला. “घेतला खरा, पण रोहितचं काय करणार आपण?” दुसऱ्यानें विचारलें. या संभाषणांतील ‘आपण’ या शब्दानें आम्हांस विचारांत पाडलें. त्या दोघांचा मुंबई इंडियन्स या संघांत एका पैशाचाहि भाग नव्हता. स्वतः रोजंदारीसाठीं खाडी ओलांडणारे ते तरुण खेळाडूच्या बाजूनें बोलत नव्हते, तर त्याला घेणाऱ्या धन्याच्या बाजूनें बोलत होते. ही दृष्टि त्यांना कोठून आली? आमच्या मतें ती त्यांनीं वाचलेल्या गद्यांतून आली.

त्या गद्याचा पहिला विशेष म्हणजे त्यांतील वाक्यांना कर्ता नसतो. मराठींत अफवेसाठीं शब्दांचा तोटा नाहीं. कंडी पिकते, आवई उठते, भुमका पसरते. या सर्व क्रियापदांत करणारा दिसत नाहीं, आणि तें ठीकच आहे. कारण कंडी ही कंडीच आहे हें ऐकणारास ठाऊक असतें. आजचा क्रीडावार्ताहर मात्र तीच कंडी बातमीचा पोशाख चढवून आणतो. ‘असें समजतें’, ‘असें बोललें जातें’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’, ही त्याची ठरलेली वाक्यें. समजतें तें कोणास, बोलतें कोण, आणि हीं सूत्रें कोणाच्या हातीं आहेत, याचा उलगडा शेवटपर्यंत होत नाहीं. उद्यां बातमी खोटी ठरली तर दोष कोणावरहि येत नाहीं, आणि खरी ठरली तर श्रेय मात्र लेखक घेतो.

तथापि केवळ वार्ताहरावर रोष धरणें अन्यायाचें होईल. हार्दिक पंड्याचेंच उदाहरण घ्या. २६ नोव्हेंबर २०२३ ही खेळाडू कायम ठेवल्याच्या याद्या देण्याची शेवटची तारीख होती. तो मुंबईस परत येणार ही वदंता त्याआधीं कांहीं दिवस पसरलेली होती. त्या सायंकाळीं गुजरात टायटन्सच्या यादींत त्याचें नांव कायम दिसलें, आणि वदंता खोटी ठरली असें लोकांनीं मानलें. कांहीं तासांतच चक्र फिरलें, व दुसऱ्या दिवशीं तो मुंबईकडे आल्याचें अधिकृतपणें जाहीर झालें. म्हणजे कंडी खरी ठरली आणि यादी फसवी ठरली. शिवाय या व्यवहारांत गुजरातच्या धन्यांस किती रक्कम मिळाली तें अधिकृतपणें प्रसिद्ध झालें नाहीं. जेथें व्यवहार झांकून ठेवले जातात तेथें आवया उठणारच. पुढें १५ डिसेंबरला रोहित शर्माच्या जागीं पंड्या कर्णधार झाला, आणि अफवांच्या पिकास नवें पाणी मिळालें.

या गद्याचा दुसरा विशेष म्हणजे त्याचा शब्दसंग्रह. ‘लिलाव’ हा शब्द आमच्या भाषेंत पोर्तुगिजांकडून आला. कर्ज फिटलें नाहीं म्हणजे गुरें, दागिने, भांडींकुंडीं लिलावास निघत, आणि ‘त्याच्या घराचा लिलाव झाला’ हें वाक्य शेजारीं दबल्या आवाजांत उच्चारलें जाई. २० फेब्रुवारी २००८ रोजीं मुंबईंत लीगचा पहिला लिलाव झाला, चेन्नईच्या संघानें महेंद्रसिंह धोनीवर पंधरा लाख डॉलरची बोली लाविली, आणि त्या दिवसापासून हा लाजेचा शब्द कौतुकाचा झाला. शब्दांचे अर्थ पालटतात, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु येथें शब्द वस्तुस्थितीशींहि जुळत नाहीं. खेळाडू आपलें नांव स्वेच्छेनें नोंदवितो, आपली मूळ किंमत स्वतः सांगतो, आणि लिलावांत ठरतो तो त्याच्याशीं करार करण्याचा अधिकार. माणूस विकला जात नाहीं. असें असतां मथळा मात्र ‘अमुक इतक्या कोटींना विकला गेला’ असाच असतो.

याहून कठोर शब्द ‘अनसोल्ड’ हा. २०२४ च्या नोव्हेंबरांत जेद्दा येथें झालेल्या लिलावांत ऋषभ पंतला लखनौनें २७ कोटींना घेतलें, आणि त्याच लिलावांत पालघरच्या शार्दूल ठाकूरवर कोणीहि बोली लाविली नाहीं. २०२१ सालीं ब्रिस्बेनच्या कसोटींत सात बळी घेऊन ६७ धावा काढणारा हा खेळाडू एका रात्रींत दुकानांतल्या पडून राहिलेल्या मालासारखा वर्णिला गेला. चार महिन्यांनीं, दुसरा गोलंदाज जायबंदी झाल्यामुळें, लखनौनें त्याला बोलाविलें. आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत अदलाबदलीच्या व्यवहारानें तो मुंबईकडे आला. त्याची गोलंदाजी त्या लिलावाच्या रात्रीं नाहींशी झाली नव्हती. त्या दिवशीं दहा संघांच्या गरजांत व प्रत्येकी १२० कोटींच्या थैलींत त्याची जागा बसली नाहीं, एवढाच त्याचा अर्थ होता. हा अर्थ समजावून सांगणें हें लेखकाचें काम. पण त्याला दोन परिच्छेद लागतात, आणि ‘अनसोल्ड’ हा शब्द एका ओळींत बसतो.

येथें आमच्या पिढीचे कित्येक वाचक म्हणतील कीं, दोष भाषेचा नसून पैशाचाच आहे. पूर्वीं खेळ निर्मळ होता, खेळाडू आपल्या संघासाठीं जीव टाकीत. हें मत आम्हांस मान्य नाहीं. १९५२ सालीं विनू मंकड पोटासाठीं लँकेशायरमधील हॅस्लिंग्डन क्लबचा व्यावसायिक खेळाडू झाला. भारतीय संघ त्याच उन्हाळ्यांत इंग्लंडला जावयाचा होता. निवडीची हमी मिळाल्यास क्लबचा करार सोडण्याची त्याची तयारी होती. हमी मिळाली नाहीं. लीड्सच्या पहिल्या कसोटींत भारताचे चार गडी शून्य धावेवर बाद झाले, तेव्हां क्लबकडे रदबदली करून मंकडला बोलावण्यांत आलें, आणि लॉर्ड्सवर त्यानें ७२ व १८४ धावा काढून एका डावांत पांच बळीहि घेतले. त्या निर्मळ काळांत खेळाडूनें आपली किंमत विचारणें हा उद्धटपणा ठरत असे.

परदेशांतील इतिहासहि हेंच सांगतो. अमेरिकेंत बेसबॉलचा खेळाडू करार संपल्यावरहि त्याच संघाचा बांधलेला राही. संघ मात्र त्याला न विचारतां दुसऱ्यास देऊन टाकूं शके. १९६९ सालीं सेंट लुई संघाच्या कर्ट फ्लडनें अशा एका बदलीस नकार दिला, आणि आपण कोणाची मालमत्ता नाहीं असें खेळाच्या आयुक्तास पत्रानें कळविलें. सर्वोच्च न्यायालयांत १९७२ सालीं तो हरला. परंतु १९७५ च्या डिसेंबरांत एका लवादानें दोन गोलंदाजांस मोकळें ठरविलें, व तेथपासून मुक्त खेळाडूंची बाजारपेठ तिकडे उभी राहिली. इंग्लंडांत जॉर्ज ईस्टहॅम या फुटबॉलपटूनें असाच लढा १९६३ सालीं न्यायालयांत दिला. ज्या बाजाराची आपण निंदा करतों तो कित्येक खेळाडूंस बेडी तुटल्यासारखा वाटला, हें विसरून चालणार नाहीं.

आपल्या मातींतील कबड्डीचेंहि तसेंच. हुतूतूच्या मैदानांत गुडघे फोडून घेणाऱ्या गड्यास एखाद्या कारखान्यांत वा बँकेंत खेळाच्या जोरावर नोकरी मिळाली, तर त्याचें भाग्य समजत. २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग निघाली, आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील सिद्धार्थ देसाई हा चढाईपटू २०१८ सालीं सुमारें ३६ लाखांस मुंबईच्या संघांत आला, तो पुढच्याच वर्षीं १ कोटि ४५ लाखांस हैदराबादच्या संघांत गेला. या पैशाचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. श्रमाचा मोबदला मिळणें यांत लाज कसली?

तेव्हां आमचा आक्षेप नेमका कोठें आहे? या गद्यांतून खेळाडूची इच्छाच गाळली जाते, हा आमचा आक्षेप. यासाठीं रवींद्र जडेजाची हकीकत पाहावी. २०१० सालीं, राजस्थानच्या संघाशीं बांधलेला असतां, त्यानें मुंबईच्या संघाशीं परभारें बोलणीं केलीं म्हणून त्याला त्या संपूर्ण हंगामास मुकावें लागलें. तो तेव्हां एकवीस वर्षांचा होता. २०२५ च्या नोव्हेंबरांत, चेन्नईसाठीं अनेक वर्षें खेळल्यावर, दोन संघांच्या बोलण्यांतून तो राजस्थानकडे परत गेला; संजू सॅमसन चेन्नईस आला, सॅम करन जडेजाबरोबर गेला, आणि जडेजाचें मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आलें. अशा व्यवहारास खेळाडूची संमति लागते असा नियम आहे. परंतु तो व्यवहार घडण्यापूर्वीं जे रकानेच्या रकाने भरले, त्यांत ‘चेन्नई जडेजा देणार काय?’ हा प्रश्न शंभरदां होता, आणि ‘जडेजा जाणार काय?’ हा क्वचितच. या दोन क्रियापदांतील अंतर हाच आमच्या लेखाचा विषय आहे. देणें हें वस्तूचें असतें. जाणें हें माणसाचें असतें. कोटींचा हिशेब मांडणाऱ्या लेखकास एका माणसानें चार कोटि कां सोडले असावेत, हें विचारण्याची जिज्ञासा नसावी, याचें आम्हांस नवल वाटतें.

अशा गद्यावर पोसलेला वाचक मैदानावर काय करतो, तें २०२४ सालीं वानखेडेवर दिसलें. संघांनीं व्यवहार केला, कर्णधार व्यवस्थापनानें बदलला, पण हुर्यो मिळाली ती पंड्यास. नाणेफेकीच्या वेळीं संजय मांजरेकर यांस प्रेक्षकांना नीट वागण्याविषयीं सांगावें लागलें. मुंबईचा संघ त्या वर्षीं शेवटच्या क्रमांकावर राहिला. पुढें २९ जून रोजीं ब्रिजटाउन येथें विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचें शेवटचें षटक पंड्यानेंच टाकून सामना जिंकून दिला, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नांवाचा जयघोष झाला. तीन महिन्यांत त्या माणसाच्या स्वभावांत काय फरक पडला होता? वाचकाला आधीं त्याचा सौदा वाचावयास मिळाला होता, आणि मग खेळ पाहावयास मिळाला, फरक एवढाच.

आणि या बाबतींत आपण मध्यमवर्गीय सुशिक्षित तरी कोठें निर्दोष आहों? आमच्या विद्यार्थ्यांस महाविद्यालयांतच नोकरी लागते, तेव्हां त्याच्या वार्षिक पगाराचा आंकडा सूचनाफलकावर झळकतो. दोन वर्षांनीं अधिक पगारासाठीं तो ती नोकरी सोडतो, तेव्हां घरीं पेढे वांटले जातात. त्याला बेइमान कोणी म्हणत नाहीं. मानखुर्दच्या गाडींतील त्या तरुणांनाहि खाडीपलीकडे चार पैसे जास्त मिळाले तर ते उद्यां नवी जागा धरतील, आणि योग्यच करतील. मग खेळाडूनें तेंच केलें असतां त्याला निष्ठेचे धडे देण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला? स्वतःच्या मुलासाठीं ‘गेला’ आणि खेळाडूसाठीं ‘विकला गेला’, अशी दोन व्याकरणें आपण बाळगलीं आहेत.

क्रीडालेखकांनीं हा विषय टाकून द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. उलट त्यांत कथेचें, स्वभावचित्रणाचें व अर्थशास्त्राचेंहि फार मोठें द्रव्य आहे. कोलकात्यास २०२४ चें अजिंक्यपद मिळवून देणारा मुंबईचा श्रेयस अय्यर त्याच वर्षीं त्या संघांतून बाहेर पडतो, आणि पंजाब त्याच्यावर पावणेसत्तावीस कोटि लावतें, यांत मान, हिशेब आणि जिद्द यांची केवढी गुंतागुंत आहे! ती उलगडणारा लेख आम्ही आनंदानें दोनदां वाचूं. आमची विनंति इतकीच कीं, लेखकानें बातमी कोणाकडून कळली तें शक्य तेथें सांगावें. सांगतां येत नसेल तर ती वदंता आहे असें स्पष्ट म्हणावें. आणि प्रत्येक व्यवहारांत खेळाडूला काय हवें होतें, हा प्रश्न आधीं विचारावा. वाचकांनींहि घरांत मुलांशीं बोलतांना ‘आपण त्याला विकला’ असें न म्हणतां ‘तो दुसऱ्या संघांत गेला’ असें म्हणण्याची संवय लावावी. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हां याद्या निघतील, पुन्हां कंड्या पिकतील. त्या वाचतांना, यादींतील नांव हें कोणा आईबापांनीं ठेवलेलें नांव आहे, एवढें ध्यानांत राहिलें तरी आमच्या लिहिण्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.