कर्करोगावरील औषधांच्या जाहिराती : आकड्यांची भाषा आणि तिची व्यंजना

प्रस्तावना :

साबणाची किंवा दुचाकीची जाहिरात थेट ग्राहकाशी बोलते. वैद्यकीय नियतकालिकात छापली जाणारी कर्करोगावरील औषधाची जाहिरात मात्र रुग्णाशी बोलत नाही. ती डॉक्टरांशी बोलते. वाचणारा एक, सोसणारा दुसरा आणि पैसे मोजणारे बहुधा तिसरेच, अशी तिची रचना असते. भारतात ही विभागणी कायद्यानेच झाली आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने कर्करोगावरील उपचाराची जाहिरात जनतेसाठी निषिद्ध ठरविली. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकांकडे गोपनीयरीत्या पाठविलेल्या मजकुराला मात्र त्यातून सूट दिली. सामान्य माणूस भुलेल, डॉक्टर भुलणार नाही, हे त्यामागील गृहीतक होय. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करावयाची आहे.

एक चाचणी, अनेक वाक्ये :

भारतीय काव्यशास्त्राने शब्दाच्या अभिधा, लक्षणा आणि व्यंजना अशा तीन शक्ती मानल्या आहेत. आकड्यांनाही व्यंजना असते, हे कर्करोगाच्या औषधांच्या बाबतीत विशेषत्वाने जाणवते.

स्वादुपिंडाच्या वाढलेल्या कर्करोगासाठी जेमसायटाबीनच्या जोडीला अर्लोटिनिब (व्यापारी नाव टार्सेवा) देण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २००५ मध्ये मान्यता दिली. ज्या चाचणीच्या आधारे ती मिळाली तिच्यात ५६९ रुग्ण होते. तिचा निष्कर्ष अनेक प्रकारे सांगता येतो. मृत्यूचा सापेक्ष धोका १८ टक्क्यांनी घटला, हे एक वाक्य. एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण १७ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर गेले, हे दुसरे. तेच प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी वाढले, हे तिसरे. आयुर्मानाचा मध्यक ५.९१ महिन्यांवरून ६.२४ महिन्यांवर गेला, म्हणजे सुमारे दहा दिवसांची भर पडली, हे चौथे.

चारही वाक्यांची अभिधा खरी आहे; व्यंजना मात्र भिन्न आहे. तिसऱ्या वाक्यातून आशा सूचित होते, चौथ्यातून मर्यादा. 'दहा दिवस' हेच अंतिम सत्य, असेही म्हणता येणार नाही. मध्यक हा संपूर्ण आलेखावरील केवळ एक बिंदू असतो. म्हणूनच चारही वाक्ये एकत्र वाचणे आवश्यक ठरते. जाहिरातीचा स्वभाव मात्र निवडीचा आहे. युधिष्ठिराच्या अर्धसत्याप्रमाणे ती खोटे न बोलताही दिशाभूल करू शकते.

'दुप्पट' या शब्दाचे काय झाले? :

दुसरे उदाहरण बेव्हासिझुमॅब अर्थात अवास्टिनचे आहे. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी त्यास फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत त्वरित मान्यता मिळाली. मूळ चाचणीत पॅक्लिटॅक्सेलसोबत हे औषध दिल्यावर रोग न वाढता गेलेला काळ ५.९ महिन्यांवरून ११.८ महिने, म्हणजे नेमका दुप्पट झाला होता. परंतु एकूण आयुर्मान २५.२ महिन्यांऐवजी २६.७ महिने झाले, आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. पुढील चाचण्यांत 'दुप्पट' टिकले नाही, आयुर्मानातील वाढही सिद्ध झाली नाही आणि नोव्हेंबर २०११ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठीची ती मान्यता काढून घेण्यात आली. 'रोग न वाढता गेलेला काळ' ही संज्ञा ऐकताच 'जगलेला काळ' हा अर्थ मनात उमटतो. जाहिरातीला हे सांगावे लागत नाही; वाचकाचे मनच ते पूर्ण करते.

याचा अर्थ सर्वच नवी औषधे निरुपयोगी आहेत असा नाही. २००१ मध्ये मान्यता मिळालेल्या इमॅटिनिबने एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचे भवितव्यच बदलले. परंतु २००२ ते २०१४ या काळात अमेरिकेत घन गाठींच्या कर्करोगांसाठी मान्य झालेल्या ७१ उपचारांचा आढावा घेतला असता आयुर्मानातील वाढीचा मध्यक केवळ २.१ महिने आढळला. इमॅटिनिब आणि दहा दिवसांची भर घालणारे औषध यांना एकच विशेषण लावता येते, हीच जाहिरातीच्या शब्दकळेची खरी अडचण आहे.

नियतकालिकाची उसनी पत :

डॉक्टर प्रशिक्षित असतात, ते जाहिरातीला भुलत नाहीत, असा युक्तिवाद केला जातो. १९९२ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे लक्षात घ्यावा लागेल. दहा प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांतील विविध औषधांच्या १०९ जाहिराती तज्ज्ञांकडून तपासून घेण्यात आल्या. डॉक्टरांजवळ अन्य माहिती नसेल तर ४४ टक्के जाहिराती अयोग्य औषधयोजनेस कारणीभूत होतील, असे तज्ज्ञांचे मत पडले. या प्रकाशनानंतर काही कंपन्यांनी त्या नियतकालिकातील जाहिराती काढून घेतल्या, ही घटना पुरेशी बोलकी आहे.

शोधनिबंध तज्ज्ञांच्या समीक्षेतून जातो. शेजारच्या पानावरील जाहिरात तशी जात नाही. तरीही दोन्हींचा कागद एक, मुखपृष्ठ एक आणि विश्वासही एकच. निबंधाने कमावलेली पत जाहिरात उसनी घेते. भारतात मार्च २०२४ मध्ये औषध विपणनाची नवी एकसमान संहिता आली. 'सुरक्षित' हा शब्द विनाअट वापरू नये, वर्षाहून अधिक काळ उपलब्ध असलेल्या औषधास 'नवे' म्हणू नये, असे ती सांगते. शब्दांवरील हे बंधन स्वागतार्ह आहे. परंतु प्रश्न शब्दांइतकाच आकड्यांचाही आहे.

निष्कर्ष :

सापेक्ष टक्केवारीशेजारी तितक्याच ठळक अक्षरांत प्रत्यक्ष महिने किंवा दिवस छापले जावेत आणि जाहिरातीतील प्रत्येक दावा निबंधाप्रमाणेच समीक्षकांनी तपासावा, या दोन किमान अपेक्षा होत. उपचाराच्या खर्चाचा मोठा भाग जेथे कुटुंबाला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, तेथे डॉक्टरांच्या मनातील '१८ टक्के' हा आकडा एखाद्या घरी शेतजमिनीच्या किंवा दागिन्यांच्या मोलाने फेडला जातो. तो आकडा म्हणजे किती दिवस, हे त्या घराला आधी कळणे हा त्याचा हक्क आहे. आणि ते सांगता यावे, एवढे वाचन डॉक्टरांकडून अपेक्षित आहे.