किरट्या सहीची खोडी

छायाचित्र आपल्या ओळखीचे आहे. २५ मे १९६५, अमेरिकेच्या मेन राज्यातले लुइस्टन गाव. मुष्टियोद्धा सनी लिस्टन रिंगमध्ये उताणा पडला आहे आणि त्याच्यावर उभा राहून, उजवा हात छातीवर आडवा दुमडून, महंमद अली त्याला ‘ऊठ’ म्हणून दरडावतो आहे. हा क्षण टिपणारा नील लायफर तेव्हा अवघा २२ वर्षांचा होता. अलीच्या दोन पायांमधून रिंगच्या पलीकडे बसलेला आणखी एक छायाचित्रकार दिसतो. बिचाऱ्याच्या वाट्याला त्या घडीला अलीची नुसती पाठ आली. जागा हुकणे म्हणजे काय, ते पाहायचे असेल तर त्या चेहऱ्यापाशी क्षणभर थांबावे.

या छायाचित्राच्या प्रतींवर अलीने उतारवयात सह्या केल्या, आणि संग्राहकाचा जीव जडतो तो अशा एखाद्या प्रतीवर. कारण तिथे एकाच कागदावर दोन अली असतात. चित्रातल्या अलीचा दंड तटतटलेला, तोंड उघडे, सगळा देह एका गर्जनेत ताणलेला. आणि कोपऱ्यातल्या सहीतला अली मात्र अंग चोरून बसलेला. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सन्सचे निदान झाले. या आजारात माणसाचे अक्षर आक्रसत जाते: पहिले अक्षर बेताचे उमटते, पुढचे त्याहून लहान, आणि शब्द संपेतो रेघ मुंगीच्या पावलांनी चालू लागते. आपल्या मराठीत अशा अक्षराला ‘किरटे’ म्हणतात. या शब्दातच ते आखडलेपण कसे नेमके बसले आहे पाहा! तारुण्यातली अलीची सही ऐसपैस पसरणारी, पेन कागदाला टेकण्याआधीच जिचा वेग सुरू झालेला असे. या किरट्या सहीशेजारी ती ठेवली, तर तीस वर्षांचे चरित्र दोन बोटांच्या अंतरात वाचता येते.

आता या सहीची खरी खोडी पाहू. खोटी सही ओळखण्याचे शास्त्र एका जुन्या शहाणपणावर उभे आहे: खरी सही लिहिलेली असते, खोटी गिरवलेली. गिरवणारा हात भीत भीत चालतो, वळणापाशी थबकतो; थबकला तिथे शाईचा ठिपका साचतो, आणि झोकात निमुळते होत जायचे ते शेवटचे टोक बोथट राहते. म्हणून रेघ कापरी दिसली की पारखी भिंग उचलतो. पण अलीची उतारवयातली खरी सहीच कापरी! म्हणजे ज्या खुणेने चोर पकडायचा, तीच खूण धन्याच्या अंगावर. मग रसिकाला कंपाकंपांतला फरक वाचावा लागतो. आजाराचा कंप रेघेच्या सोबतीने वाहतो, त्याची स्वतःची एक लय असते. भीतीचा कंप नेमका अवघड वळणावरच उपटतो. नव्वदच्या दशकातली म्हणून दाखवलेली सही फार सफाईदार असली, तर संशय तिच्यावरच घ्यावा. आणि दोन सह्या एकमेकींवर ठेवून तंतोतंत जुळल्या, तर दोहोंपैकी एक तरी नक्कल. जिवंत हात एकच सही दोनदा करत नाही. (आपल्याकडे पेन्शनच्या कागदावरची सही जुन्या सहीशी जुळली नाही की म्हाताऱ्या माणसाला परत पाठवतात, तेव्हा मला हे फार आठवते.)

आणि जमिनीवर पडलेला तो लिस्टन? त्याला लिहितावाचता जेमतेमच येत असे. प्रौढपणी कष्टाने शिकलेली त्याची सही, पाटीवर धडा गिरवणाऱ्या पोराच्या नेटाने उमटलेली. म्हणजे इथे खरी सहीच गिरवलेली! त्याच्या नावावर इतरांनी केलेल्या सह्या सुबक असतात, आणि त्या सुबकपणानेच उघड्या पडतात. तो १९७० च्या अखेरीस गेला; त्याच्या हातची अडखळती अक्षरे म्हणून इतकी दुर्मीळ.

खोट्याचा बाजार मोठा आहे, त्यात फार रमू नये. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयने बनावट सह्यांचे जाळे उघडकीस आणले, तेव्हा त्या मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलचा चेंडूही सापडला होता. एवढे सांगितले की पुरे.

१९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकची ज्योत पेटवताना उजव्या हातातली मशाल अलीने सावरून धरली होती, आणि डावा हात साऱ्या जगासमोर थरथरत होता. लुइस्टनच्या त्या छायाचित्राची सही केलेली प्रत पाहताना मी आधी सही तळहाताने झाकतो आणि चित्र पोटभर बघून घेतो. मग हात सावकाश काढतो. नजर त्या आडव्या दंडावरून घसरत कोपऱ्यात येते आणि शेवटच्या, जवळजवळ विरलेल्या अक्षरापाशी भिंग घेऊन थांबते.