‘बफेलो सोल्जर’मध्ये नसलेली माणसं

बॉब मार्लीचं हे गाणं त्याच्या मृत्यूनंतर, १९८३ मध्ये आलं. आफ्रिकेतून पळवून आणलेला माणूस अमेरिकेत लढतोय, हे त्यातलं दुःख. पण लढतोय कुणाशी? गाणं सांगत नाही, आणि माझी तक्रार तिथेच आहे.

बफेलो सोल्जर म्हणजे अमेरिकी सैन्यातले कृष्णवर्णीय शिपाई. १८६६ च्या कायद्याने त्यांच्या नवव्या आणि दहाव्या घोडदळ पलटणी उभ्या राहिल्या. महिना १३ डॉलर पगार, वर अधिकारी जवळपास सगळे गोरे. तरी कालच्या गुलामाला ती वर्दी का हवीशी वाटली असेल, ते कळतं. या पलटणींत पाद्र्याकडे लिहायला-वाचायला शिकवायचंही काम असे.

आता १८८० चा उन्हाळा बघा. राखीव क्षेत्रात कोंडून घ्यायला नकार दिलेले व्हिक्टोरियोचे अपाची पश्चिम टेक्सासात पाण्याच्या शोधात होते. दहाव्या घोडदळाने पाणवठेच अडवून धरले. त्यांना मेक्सिकोत परतावं लागलं. ऑक्टोबरात तिथल्या सैन्याने व्हिक्टोरियोसह अनेकांना मारलं, बायकापोरांना कैद केलं.

मार्लीचा शिपाई फक्त सोसतो. पाणवठ्यावर बंदूक घेऊन बसलेला शिपाई त्या गाण्यात मावत नाही, म्हणून तहानलेले अपाचीही मावत नाहीत. चाल मात्र डोक्यातून जात नाही, हे खरंय.